ओट्यावरची सावली, आणि कपाटाखाली कुठली लाईट लावायची

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथं फारच वाहवत गेलो ते छाटलंय, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवलीय.

मंचरहून एका ताईंचा निरोप आला होता. "दादा, नवीन ट्रॉल्या केल्या, वर कपाटं केली, छताला दोन लाईटी आहेत, तरी कोथिंबीर निवडताना डोळे ताणावे लागतात. मिस्त्री म्हणतोय खाली पट्टी मारून देतो. कुठली मारू देऊ?" असाच प्रश्न ओतूर आणि घोडेगावच्या मंडळींनीही विचारलाय. जुन्नर-आंबेगावात गेल्या काही वर्षांत जुनी घरं पाडून स्लॅबची घरं झाली, चुलीच्या जागी ओटा आला, ओट्यावर कपाटं आली. दिव्याची जागा मात्र जुनीच राहिली, छताच्या मधोमध नाहीतर दाराच्या वर.

आता बघा काय होतं. ओटा भिंतीला लागून असतो. आपण भिंतीकडं तोंड करून उभे राहतो. छताचा दिवा येतो आपल्या पाठीमागं. म्हणजे उजेड पाठीवर आणि डोक्यावर, आणि आपली सावली बरोबर विळीवर, सुरीवर, परातीत. त्यात वरची कपाटं भिंतीपासून साधारण एक फूट पुढं आलेली, त्यामुळं ओट्याचा मागचा अर्धा भाग त्यांच्या सावलीत. अशा ठिकाणी छताला दोनाच्या चार लाईटी केल्या तरी फार फरक पडत नाही. खोली उजळते, हातातलं काम तसंच राहतं. मला वाटतं लोकांचे पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथं.

आणि हा फक्त सोयीचा प्रश्न नाहीये. आपल्याकडं स्वयंपाकघरात जास्त वेळ कोण असतं? बऱ्याच घरांत सासूबाई, आई, आत्या, म्हणजे पन्नाशी-साठी ओलांडलेले डोळे. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान राहायला लागते आणि भिंग पिवळट होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या पोराच्या मानानं साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे सुनेला जो उजेड पुरेसा वाटतो, त्यात सासूबाईंना तांदळातला खडा दिसत नाही. मग "तुमचं लक्ष नसतं" वगैरे बोलणी होतात. लक्ष असतं हो, उजेड नसतो. मासवड्या करणाऱ्या घरांना हे सांगायला नको. ओल्या फडक्यावर बेसन सगळीकडं सारखं पातळ थापायचं, कुठं जाड राहिलं, कुठं फाटलं, हे सावलीत कळतच नाही.

तर पहिली गोष्ट जागा. लाईट कपाटाच्या खाली लावायची हे ठरलं, पण कपाटाच्या खाली म्हणजे नेमकं कुठं? मिस्त्री बहुतेक वेळा ती मागं, भिंतीला चिकटवून मारतात. वायर लपते, त्यांचं काम सोपं होतं. पण मग टाइल्स झगमगतात, प्रत्येक सांधा आणि तेलाचा प्रत्येक ओघळ दिसतो, आणि आपण चिरतो ती ओट्याच्या पुढची जागा अंधुकच राहते. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला पाहिजे, तोंड खाली आणि किंचित भिंतीकडं. तिथं ती आपल्या चेहऱ्याच्या पुढं येते, आणि सावली आपल्या अंगाकडं, ओट्याबाहेर पडते.

इथं आपल्याकडची एक खास अडचण आहे, जी शहरातल्या चकचकीत मासिकांमध्ये सापडत नाही. आपल्या गावाकडं अजूनही पुष्कळ घरांत जेवायला स्वयंपाकघरातच खाली बसतात. उभ्या माणसाला कपाटाच्या खालची पट्टी दिसत नाही, पण पाटावर बसलेल्या माणसाची नजर खालून वर जाते आणि पट्टी थेट डोळ्यांत घुसते. आजोबा ताटावरून मान वर करायला गेले की डोळे मिटतात. उपाय सोपा आहे: कपाटाच्या पुढच्या कडेला खाली एक-दीड इंचाची लाकडी पट्टी ओठासारखी सोडायची, लाईट त्याच्या आड. किंवा बाजारात कोपऱ्यात बसणारं ४५ अंशाचं ॲल्युमिनियम चॅनेल मिळतं, त्याचं तोंड भिंतीकडं करून बसवायचं. मिस्त्रीला हे आधी सांगा. आणि बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी स्वतः खाली मांडी घालून बसून बघा.

दुसरी गंमत काळ्या ग्रॅनाइटची. आपल्याकडं ओटा म्हटलं की काळा ग्रॅनाइट, तोही आरशासारखा पॉलिश केलेला. साधी पट्टी लावली की तिच्यातला एकेक दिवा ओट्यात मोजता येतो, चांदण्यांसारखा. दिसायला बरं वाटतं दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून डोळ्याला टोचतं. म्हणून चॅनेलवर दुधी झाकण हवं, किंवा सीओबी म्हणतात तशी पट्टी घ्यायची, ज्यात दिवे इतके जवळ असतात की एक सलग रेघ दिसते. पांढरट किंवा खडबडीत कडप्पा असेल तर एवढी चिंता नाही.

आता किती लाईट लागेल? दुकानात "वॅट किती" विचारतात, पण उजेड मोजायचा तो ल्युमेनमध्ये, आणि तो ओट्यावर किती पडतो ते लक्समध्ये. कामाच्या ओट्यावर साधारण ३०० ते ५०० लक्स असावा असं धरतात. समजा तुमच्या कपाटांची लांबी ६ फूट आहे आणि ओटा २ फूट रुंद. म्हणजे १२ चौरस फूट, जवळपास १.१ चौरस मीटर. ४०० लक्स हवा तर ओट्यावर साडेचारशेच्या आसपास ल्युमेन पोचले पाहिजेत. झाकणात आणि आजूबाजूला निम्मा उजेड जातो असं धरू, म्हणजे निघताना ९०० हवेत. एक चांगला ९ वॅटचा एलईडी बल्ब एवढाच उजेड देतो. म्हणजे एका बल्बाएवढा उजेड ६ फुटांवर पसरून द्यायचा, एवढंच काम आहे. पट्टीच्या भाषेत मीटरला ५ ते ६ वॅट झाले. घरात वयस्कर माणूस स्वयंपाक करत असेल तर मीटरला ८ ते १० वॅटची घ्या. दुकानदार २० वॅटवाली दाखवील, "एकदम भारी" म्हणून. ती दागिन्यांच्या शोकेसला लावू दे त्याला.

वीजबिलाची धास्ती असेल तर हिशेब करा. १० वॅट, रोज ४ तास, महिना ३० दिवस: १.२ युनिट. टीव्हीसमोर झोपी गेलात तर त्याहून जास्त जाळता.

रंगाचं सांगतो, कारण इथं लोक सगळ्यात जास्त फसतात. आपल्याकडं दुकानात मागितली की पांढरी लाईट मिळते, म्हणजे ६५०० केल्विनची, निळसर झाक असलेली. एलईडीचा पांढरा उजेड मुळात निळ्या दिव्यापासून बनतो. निळ्या चिपवर पिवळ्या रसायनाचा थर देतात, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. तो निळा एलईडी बनवण्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. पण या पद्धतीत स्वस्त पट्टीत एक खोट राहते: निळं भरपूर, पिवळं भरपूर, लाल कमी. आणि आपलं स्वयंपाकघर म्हणजे तर लालाचंच राज्य. लाल तिखट, टोमॅटो, मटण, फोडणीत कांदा किती लाल झाला ते. नारायणगावच्या बाजारातून आणलेला लालबुंद टोमॅटो ओट्यावर विटकरी दिसायला लागला तर टोमॅटोला दोष देऊ नका.

पाकिटावर सीआरआय नावाचा आकडा असतो, शंभरपैकी. वस्तूचे रंग उन्हात दिसतात तसे दिव्याखाली कितपत दिसतील, त्याचे ते मार्क. साध्या पट्टीला ८० किंवा त्याहून कमी असतात. ओट्यासाठी ९० च्या पुढची मागा. आणि रंगात ४००० केल्विन, ज्याला दुकानात नॅचरल व्हाइट म्हणतात, ती मला सगळ्यात योग्य वाटते. ३००० ची पिवळी पट्टी हॉलमध्ये छान, पण तिच्याखाली हळद टाकली की नाही तेच नीट कळत नाही. आकड्यावर विश्वास नसेल तर एका कागदावर हळद, तिखट, कोथिंबिरीची काडी घेऊन दुकानात जा. आधी दारात उन्हात बघा, मग पट्टीखाली. दुकानदार हसेल. हसू द्या.

आता विजेकडं येतो, कारण आपल्या भागात खरी परीक्षा तिथं होते. मंचर, जुन्नर, नारायणगाव गावठाणात राहणाऱ्यांचं एक, आणि मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्यांचं दुसरं. वस्तीवर घर लाईनच्या शेवटाला असतं. थ्री फेज आली की आजूबाजूच्या मोटारी एकदम सुरू होतात, आणि घरातला व्होल्टेज धपकन खाली येतो. नंतर मोटारी बंद झाल्या की वर उसळतो. पट्टी स्वतः १२ किंवा २४ व्होल्टवर चालते, तिला २३० वरून खाली आणणारा जो डबा असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. मरतो तो ड्रायव्हर, पट्टी सहसा नाही. एका वायरमन दादांना मी विचारलं, "वस्तीवर पट्ट्या टिकत का नाहीत?" ते म्हणाले, "पट्टी मिळते हजाराची, ड्रायव्हर घालतात शंभराचा. मग कसं व्हायचं?" मला हे सगळ्या भागाचं सार वाटलं.

म्हणून ड्रायव्हरच्या अंगावर 'इनपुट' लिहिलेलं वाचा. २२०-२४० एवढंच असेल तर वस्तीवर चालणार नाही. १०० ते २७० किंवा त्याहून रुंद पट्टा हवा. त्यावर बीआयएसची नोंदणी खूण असावी. आणि क्षमता कामापेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त ठेवा. उदाहरणार्थ, इंग्रजी एल अक्षरासारखा ओटा आहे, ४ मीटर पट्टी, मीटरला १० वॅट, म्हणजे ४० वॅट. तिथं ५० वॅटचा ड्रायव्हर. आणि एवढ्या लांबीला १२ व्होल्टपेक्षा २४ ची पट्टी बरी. कारण ४० वॅटला १२ व्होल्टवर ३.३ अँपिअर करंट लागतो, २४ वर निम्मा. करंट जास्त तेवढं वायरीत आणि पट्टीत व्होल्टेज गळणं जास्त, आणि मग सुरुवातीला झकपक अन् शेवटाला मंद असं दिसतं. पाटाच्या पाण्यासारखंच आहे, शेवटच्या वाफ्याला कमीच पोचतं. ड्रायव्हर कुठं ठेवायचा? कपाटाच्या वर, जिथं हवा खेळते आणि हात पोचतो. गॅसच्या वर नको, सिंकच्या खाली तर नकोच.

ज्यांच्याकडं सोलरची बॅटरी आहे ते म्हणतात, १२ व्होल्टची पट्टी थेट जोडली तर ड्रायव्हरच नको. जोडता येते, पण बॅटरी चार्ज होताना तिचा व्होल्टेज १४ च्या पुढं जातो. पट्टी जास्त तापते आणि वर्षाची सहा महिन्यांत जाते. मध्ये १२ वर स्थिर ठेवणारा छोटा कन्व्हर्टर टाका.

एका गोष्टीला मात्र मी स्पष्ट नाही म्हणतो. गणपती-दिवाळीत मीटरवर विकतात ती जाड, प्लास्टिकच्या नळीतली, थेट २३० व्होल्टची पट्टी. स्वस्त असते, ड्रायव्हर लागत नाही, म्हणून तीच ओट्याला मारतात. तिच्या आत सगळीकडं जिवंत करंट असतो. तेल-वाफेनं नळी कडक होते, चिरते, आणि खाली ओला ओटा, ओले हात, अनवाणी पाय. कपाटाखाली हाताच्या अंतरावर अशी वस्तू नसावी. शिवाय ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला थेट कळत नाही, पण तासाभरात डोकं जड होतं. मोबाईलचा कॅमेरा समोर धरला तर पट्टे सरकताना दिसतात. कुठलीही लाईट घेताना ही तपासणी करून बघा. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर पट्टीच्या आधी तो बसवा, आणि अर्थिंग तपासून घ्या.

रेडिओ लावणाऱ्यांसाठी अजून एक तपासणी. आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ, लावून ठेवा आणि पट्टी सुरू करा. खरखर वाढली तर ड्रायव्हर हलका आहे. आत फिल्टरची बचत केलेली असते, म्हणून तो रेडिओलहरींचा गोंगाट हवेत आणि वायरीत सोडतो. आपल्याला याचं अप्रूप वाटायला कारण आहे: खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण, दूरच्या आकाशातल्या अगदी क्षीण रेडिओलहरी ऐकणारी. ती इथं उभारताना माणसाचा रेडिओ-गोंगाट कमी असणं हा एक महत्त्वाचा विचार होता. तुमच्या ओट्याच्या एका पट्टीनं तिचं काम अडतंय असं मी म्हणत नाही. पण जो ड्रायव्हर शेजारच्या रेडिओला त्रास देतो, तो आतून काटकसरीनं बनवलेला आहे, आणि तो लवकर जाणार हे नक्की.

वाफ आणि तेलाचं काय? पाकिटावर आयपी ६५ असं लिहिलेली, वर सिलिकॉनचा थर असलेली पट्टी लोक ओट्यासाठी घेतात. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यालाही टिकते. सिंकच्या वर ठीक. पण बाकी ओट्याला तो थर फोडणीच्या धुरानं पिवळा पडतो आणि पट्टीची उष्णता आत कोंडतो. त्यापेक्षा उघडी पट्टी ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये घालून वर झाकण लावलेलं चांगलं. ॲल्युमिनियम उष्णता ओढून घेतं, झाकण काढून साबणाच्या पाण्यानं धुता येतं. भीमाशंकर, आहुपे, डिंभ्याकडं पावसाळ्याचे चार महिने भिंतीला ओल असते, तिकडं मात्र थर असलेलीच घ्या, चॅनेल वरून लावा. चॅनेल स्क्रूनं बसवा. पट्टीच्या मागचा चिकट कागद प्लायवर एक उन्हाळा टिकतो, मग पट्टी वरणात लोंबते. शेगडीच्या बरोबर वर काहीच लावू नका, चिमणी असेल तर तिची लाईट असतेच.

ज्यांच्याकडं कपाटंच नाहीत, कडप्प्याची फळी आहे, त्यांनी एवढ्या भानगडीत पडू नये. टी-फाइव्ह नावाची बारीक एलईडी ट्यूब मिळते, २ फुटी १० वॅट, ४ फुटी २० वॅट, ड्रायव्हर आतच असतो. फळीच्या खाली, पुढच्या कडेला, क्लिपा मारून लावायची. माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या घरांना हेच पुरेसं आहे. स्टीलची मांडणी असेल तर तिला २३० व्होल्टचं काही बांधू नका, मांडणीच्या शेजारी भिंतीवर लावा. भाड्याच्या खोलीत असाल तर चार्जिंगच्या चुंबकवाल्या लाईटी मिळतात. उजेड बेताचाच. लाईट गेल्यावर आमटी ढवळण्यापुरता.

हात हलवला की लागणारे सेन्सर वगैरे हौसेचा भाग. ओट्यावर चकचकीत पातेलं सरकवलं तरी काही सेन्सर लागतात-विझतात. सिंकपासून लांब, कणकेच्या हाताच्या कोपरानंही दाबता येईल असं एक साधं बटण बास.

आणि ज्यांच्या घराचं काम अजून चालू आहे त्यांना: टाइल्स बसायच्या आधी वायरमनला बोलवा. ओट्याच्या वर साधारण दोन फुटांवर, जिथं कपाटाचा तळ येणार तिथं, भिंतीतून एक पाइप आणि दोन वायरी बाहेर काढून ठेवायला सांगा, आणि त्याचं बटण वेगळं. त्या दिवशी अर्ध्या तासाचं काम आहे. टाइल्स बसल्यावर मग ती वायर भिंतीवरून पांढऱ्या पट्टीत येते, आणि तेल तिच्यावरच बसतं.